भूतकाळात मोठ्या चुका झालेल्या ख्रिस्ती स्त्रीचा देव सेवेसाठी उपयोग करून घेतो का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लग्नाआधीच्या आणि नंतरच्याही काही चुका तुम्हाला आठवतात. क्षमा मागून बरीच वर्षं झाली. आता चर्चच्या पाळकांनी शब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल-शाळेचा, एक वर्ग घ्याल का असं विचारलं आणि तुम्ही ‘जमणार नाही’ म्हणून मोकळ्या झालात. तुम्हाला विचारायचंय ते असं: क्षमा झाली हे मान्य, पण देव अशा बाईच्या हाती काम देतो का?

देतो. पण ‘वेश्या असलेली राहाब बघा, येशूची शिष्या मग्दालीया मरीया बघा’ असं सांगून मी तुमची बोळवण करणार नाही, कारण ही यादी तुम्ही प्रत्येक महिला सभेत ऐकली असणार. शिवाय त्या यादीत निम्मा घोळ आहे. मग्दालीया मरीया वेश्या होती असं शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, कुठेच नाही. लूकच्या ८ व्या अध्यायात एवढंच आहे की तिच्यातून सात भुतं निघाली होती. त्याच्या आधीच्या अध्यायातली ती निनावी पापी स्त्री आणि ही मरीया एकच, असं ५९१ साली पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात सांगितलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. दुसऱ्याची बायको असून दावीद राजाने बोलावून घेतलेल्या बथशेबाचंही तेच. आपण ‘दावीद आणि बथशेबा यांचं पाप’ म्हणतो, पण नाथान संदेष्टा गरिबाचं कोकरू श्रीमंताने हिरावल्याची गोष्ट सांगून बोट दाखवतो ते एकट्या दावीदाकडे. राजाने माणसं पाठवून बोलावल्यावर ती काय करणार होती?

हे मुद्दाम सांगतेय. तुमच्या ‘चुकां’च्या यादीत तुम्ही केलेलं किती आणि तुमच्यावर ओढवलेलं किती, हे आधी एकदा वेगळं करा. दुसऱ्याने केलेल्या गोष्टीची क्षमा मागत वर्षानुवर्षं गुडघे टेकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

आता जे खरोखर आपलं असतं, त्याबद्दल.

माझी चूक जिभेची. आमच्या प्रार्थनागटातल्या एका बहिणीने तिच्या घरातली एक गोष्ट मला एकटीला सांगितली होती. मी ती पुढच्या आठवड्यात चार जणींसमोर ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून ठेवली. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळायचं ते कळलं. मलाही ते कळणारच हे आतून ठाऊक होतं. ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यायची बंद झाली. मी तिच्या घरी गेले, तेही पाच महिन्यांनी. दारातच उभी राहून तिने सगळं ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाली आणि दार लावलं. बस, एवढंच. त्यानंतर मी गट चालवायचं सोडलं आणि बराच काळ मागच्या बाकावर बसून राहिले.

त्या दिवसांत मला मोशेची बहीण मिर्याम सापडली. तोवर ती मला फक्त डफ घेऊन नाचणारी म्हणून माहीत होती. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात तिला संदेष्ट्री म्हटलंय, तांबड्या समुद्रापलीकडे ती बायकांना गाण्यात पुढे नेते. आणि गणना पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात हीच बाई भाऊ अहरोनाबरोबर मोशेविरुद्ध बोलायला लागते. भावजयीवरून सुरुवात होते, पण खरं दुखणं ‘देव काय फक्त मोशेशीच बोलतो का?’ हे. तिला कोड फुटतं. (अहरोनाला का नाही, हा प्रश्न मलाही पडतो. त्याचं पटेल असं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.) मोशे आरोळी मारून तिच्यासाठी प्रार्थना करतो. तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवतात.

आणि मग १५ वं वचन. तिला परत आत आणेपर्यंत वाळवंटातून चाललेल्या इस्राएली लोकांनी कूच केलं नाही. अख्खी छावणी, लेकुरवाळ्या, गुरंढोरं, सगळं सात दिवस एका बाईसाठी थांबून. हे वचन मी किती वेळा वाचलं असेल, पण माझ्या नजरेत ते कधी भरलं नव्हतं. शिक्षा खोटी नव्हती. पण तिला मागे टाकून पुढे जायचं, असं काही ठरलेलं नव्हतं.

यानंतर तिच्या हातून मोठं काही झाल्याची नोंद नाही, थेट कादेश इथे तिच्या मरणाचीच आहे. मला आधी हे निराश करणारं वाटायचं. पण कित्येक शतकांनी मीखा संदेष्ट्यामार्फत देव इस्राएलाला आपल्या उपकारांची आठवण करून देतो, तेव्हा म्हणतो की मी तुमच्यापुढे मोशे, अहरोन आणि मिर्याम यांना पाठवलं. ६ व्या अध्यायातलं ४ थं वचन. त्या यादीत तिचं नाव आहे, आणि शेजारी कोडाचा उल्लेख नाही. गणनाचा १२ वा अध्यायही कुणी फाडलेला नाही. दोन्ही एकाच बायबलमध्ये आहेत.

तुमची खरी भीती मला वेगळीच वाटते. काम घेतलं तर लोक विचारतील, आणि मग सगळं सांगावं लागेल. साक्ष द्यायची म्हणजे व्यासपीठावर उभं राहून सगळी पानं उलगडायची, असं आपल्याकडे होऊन बसलंय. योहानाच्या शुभवर्तमानातल्या शोमरोनी स्त्रीकडे बघा. भर दुपारी विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेले, आता सोबत असलेला सहावा तिचा नवरा नव्हे. (तेही पाप की नशीब, योहान सांगत नाही. सोडचिठ्ठी द्यायचा हक्क नवऱ्याचा होता.) ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि काय म्हणते? मी केलेलं सर्व त्याने मला सांगितलं, चला, बघा, हा ख्रिस्त असेल का? ‘केलेलं सर्व’ म्हणजे काय, याचा एक शब्दही ती बोलत नाही. गावाला ते ठाऊक होतंच म्हणा. तरी तेवढ्या एका वाक्यावर पुष्कळ शोमरोनी विश्वास ठेवतात आणि येशू तिथे दोन दिवस राहतो. तिने लपवलं नाही आणि मांडूनही ठेवलं नाही. तुमच्याकडूनही कुणी याहून जास्त मागायचं कारण नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. क्षमा मिळाली म्हणजे लगेच कुठलंही काम चालतं, असं नाही. पैशाची अफरातफर झालेली असेल तर दानपेटीची किल्ली मागू नये. ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे आधी जावं, भरपाई शक्य असेल तर करावी, आणि त्याने दार लावलं तर तो त्याचा हक्क आहे हे मान्य करावं. मुलांचा वर्ग घ्यायचाय, तर मुलांच्या सुरक्षिततेशी संबंध येईल असं काही असेल तर पाळकांना आधी स्पष्ट सांगा. नसेल तर तुमच्या विशीतल्या गोष्टी मंडळीच्या बैठकीत ठेवायची काही गरज नाही. एखाद्या वडीलधाऱ्या, तोंडाच्या घट्ट बहिणीला ठाऊक असलं की पुरे. माझ्यासारखीला सांगू नका!

गट मी दोन वर्षांनी पुन्हा घेतला, तोही कुणीतरी तिसऱ्यांदा विचारल्यावर. प्रार्थनेच्या वहीत आता फक्त नावं लिहिते, शेजारी कारण लिहीत नाही. नवीन आलेल्या बायकांना ते विचित्र वाटतं, पण काही आठवड्यांनी त्याच थांबून एकेकीने बोलायला लागतात. ती बहीण परत आली नाही. तिचं नाव वहीत पहिलं असतं.

तुम्ही ‘जमणार नाही’ म्हणालात त्याला पंधराच दिवस झालेत. वर्गाला अजून कुणी मिळालं नसेल. पाळकांना एवढंच विचारा की या रविवारी मुलांबरोबर नुसती बसू का, शिकवायचं पुढे बघू.