पाय काढायला सांगितलाय, काय करू?

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. मधुमेह जुना आहे. यंदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून सासवडपर्यंत अनवाणी चालले. घरी आल्यावर डाव्या अंगठ्याखाली फोड दिसला. दुखत नव्हता, म्हणून हळद लावली. आता अंगठा काळा पडलाय, पाऊल सुजलंय, वास येतोय, ताप आहे. डॉक्टर गुडघ्याखालून पाय काढायला सांगतात. आई म्हणते, ‘वारी केलेला पाय कसा कापू द्यायचा?’ नुसता अंगठा काढून भागणार नाही का? जिवाला धोका किती?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : तुमची मेल आली त्याच दिवशी कळवलं होतं, की काही झालं तरी वडिलांना डिस्चार्ज घेऊन घरी नेऊ नका. इथे सविस्तर लिहिते, कारण असे पाय घेऊन येणारी माणसं वारीनंतर आम्हा सर्जनांना हमखास भेटतात.

फोड दुखला नाही, हेच खरं दुखणं. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. दिवे घाटात खडा रुतला, कातडी सोलली, तरी कळत नाही. त्यातच रक्तवाहिन्या चोंदलेल्या असल्या, तर जखम भरायला रक्त पोचत नाही. बोट काळं पण कोरडं असेल, वास नाही, ताप नाही, तर ते सुकं गँगरीन. त्यात तपासण्यांना वेळ मिळतो. वास, सूज, ताप असलेलं ओलं गँगरीन वेळ देत नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की माणूस हाताचा जातो.

दुसरा सल्ला जरूर घ्या. पण वडील अॅडमिट राहू देत, सलाइनमधून अँटिबायोटिक चालू राहू दे, आणि फाइल घेऊन तुम्हीच त्याच दिवशी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा. विचारा, पावलाची नाडी लागते का? डॉपलर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघणारी तपासणी, झाली का? घोट्यातल्या रक्तदाबाला दंडातल्या रक्तदाबाने भागून एक आकडा काढतात, तो ०.९ पेक्षा कमी असला तर अडथळा धरतात. मधुमेहात मात्र रक्तवाहिन्या कॅल्शियम साठून कडक होतात आणि आकडा फसवा, चांगला येतो. अशा वेळी पायाच्या बोटातला दाब मोजावा लागतो. अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने रक्त खाली पोचवता आलं, तर कधी कधी कमी भाग काढून भागतं. पुष्कळदा आधी पू काढून, मेलेला भाग साफ करून, ताप उतरल्यावरच कुठून कापायचं ते ठरवतात.

नुसत्या अंगठ्याबद्दल : जिथे रक्त नाही तिथे जखम भरत नाही. आज अंगठा, पंधरा दिवसांनी पाऊल, मग नडगी, असं करत घरच्यांनी इंचाइंचाने घासाघीस केली आणि शेवटी गुडघाही गेला, हे मी पाहिलंय. माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा असतो तो गुडघा. तो राहिला तर कृत्रिम पायावर चालायला साधारण पाव हिस्सा जास्त शक्ती लागते. तो गेला तर निम्म्याहून जास्त.

धोका आहे, तो लपवणार नाही. ज्या रोगाने पायाच्या रक्तवाहिन्या चोंदतात, तोच हृदयात आणि मेंदूतही असतो. त्यामुळे हृदयविकाराचा झटका, न्यूमोनिया, पायात गुठळी, जखम चिघळणं, या सगळ्याची भीती असते. अशा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त रुग्ण दगावल्याचं अनेक अभ्यासांत दिसतं, म्हणून हृदयाची तपासणी आणि औषधं पुढेही सोडायची नाहीत. तंबाखू असेल तर आजपासून बंद.

आईंना सांगा, त्या पायाने वारी केली ती वडिलांनी केली, आणि वाचवायचं आहे ते वडिलांना. आईंसाठी एक कामही आहे. शस्त्रक्रियेनंतर कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाखाली मायेने उशी देऊ नका. गुडघा वाकून आखडला तर नकली पाय बसवणं अवघड होतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज थोडा वेळ पालथं झोपवायचं. जखम भरल्यावर वानवडीच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये चौकशी करा. १९४४ मध्ये जखमी सैनिकांसाठी ते सुरू झालं, तिथे नागरिकांनाही कृत्रिम पाय मिळतात. आणि उजव्या पायाचा तळवा रोज रात्री तुम्ही स्वतः बघा. देवळातही अनवाणी नको.

प्रश्न : अपघातात मिस्टरांचा पाय गेला. नसलेल्या पायाची बोटं रात्री चावल्यासारखी दुखतात. सासूबाई म्हणतात, पायाचे नीट अंत्यसंस्कार झाले नाहीत म्हणून.
– एक वाचक, चाकण

उत्तर : ताई, मिस्टर खोटं बोलत नाहीत आणि त्यांना वेडही लागलेलं नाही. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा जागीच असते, तुटलेल्या नसाही संदेश पाठवत राहतात. सोळाव्या शतकात आंब्रोआझ पारे या फ्रेंच सर्जनने हे लिहून ठेवलंय. काढलेला पाय रुग्णालयाने नियमाप्रमाणे जाळला काय किंवा तुम्ही स्मशानात नेला काय, वेदनेशी त्याचा संबंध नाही. यावर गोळ्या आहेत, पण त्या झोपेच्या किंवा साध्या वेदनाशामक नाहीत, डॉक्टरांकडूनच घ्या. आरशाचा व्यायामही फिजिओथेरपिस्टकडून शिका : दोन पायांच्या मध्ये आरसा उभा ठेवून चांगला पाय हलवायचा, म्हणजे गेलेला पाय हलताना दिसतो. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तो मांडला. सगळ्यांना गुण येत नाही, पण करून बघण्यात तोटा नाही. दुखणं मात्र टाक्यांच्या जागीच असेल, दाबल्यावर कळ येत असेल किंवा कातडी लाल झाली असेल, तर ते वेगळं. तेव्हा लगेच सर्जनला दाखवा.