स्तनाच्या गाठीत कूर्चा कशी काय सापडते?
तुम्ही विचारलंय, आईच्या बायोप्सीत ‘मेटाप्लास्टिक, कूर्चेसारखा भाग’ असं आलंय (कूर्चा म्हणजे नाका-कानात असतं ते मऊ हाड), तर सॅम्पल बदललं का? जळगावात स्लाइड बघताना असं काही दिसलं की पहिली शंका मलाही हीच येते, म्हणून आधी ब्लॉकवरचा, म्हणजे गाठीचा तुकडा ज्या मेणात बसवलेला असतो त्यावरचा, नंबर ताडून बघतो. पण बहुतेकदा तसं नसतं. काही कॅन्सरपेशी मूळ रूप सोडून दुसऱ्याच ऊतीचं सोंग घेतात; यालाच मेटाप्लास्टिक म्हणतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हा प्रकार साधारण १ टक्का, किंवा त्याहूनही कमी.

कूर्चा असेल तर निळसर-करड्या, काचेसारख्या भागात पेशी आपापल्या खळग्यात बसलेल्या दिसतात. त्वचेसारखा बदल असेल तर गुलाबी केराटिनची (त्वचा-नखांतलं प्रथिन) वर्तुळं. केळीचं खोड आडवं कापल्यावर दिसतात ना, पापुद्र्यावर पापुद्रा, थेट तशी! आपल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्यांना वेगळं सांगायला नको.

फसवतात त्या दोन्ही टोकांना निमुळत्या लांबट पेशी. त्या सार्कोमा (स्नायू, चरबी अशा ऊतींचा कॅन्सर) किंवा फायलॉइड्ससारख्या (स्तनातलीच एक वेगळी गाठ) दिसतात. मग त्या मुळात स्तनाच्या कॅन्सरच्याच पेशी आहेत का हे पडताळायला सायटोकेराटिन (केराटिनचाच प्रकार) आणि पी६३ हे इम्युनो स्टेन, म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या, लावावे लागतात. एकच केराटिन निगेटिव्ह आलं म्हणून निर्णय द्यायचा नाही, दोन-चार वेगवेगळी लावायची. यातले बहुतेक कॅन्सर ट्रिपल निगेटिव्ह निघतात, म्हणजे ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर२ हे प्रथिन, या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह; म्हणून या तिन्हींचा रिपोर्टही मागून घ्या.

दुसरं मत घ्यायला मुंबईला जाणार असाल तर नुसती फाइल नेऊ नका हो. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही न्या, नाहीतर हेलपाटा पडतो.