मास्क रात्री पावणेदोनला निघतो आणि मन पहाटे चारला बिघडतं

पत्र

ताई, मी ५१ वर्षांची, सातारा जिल्ह्यात शाळेत शिकवते. सात-आठ वर्षं सकाळी उठतानाच दमलेली असायचे. पाळी जायचे दिवस आहेत म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. दीड वर्षापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी उदासीनतेसाठी एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम सुरू केली. रडणं थांबलं, थकवा गेला नाही. शेवटी झोपेची टेस्ट झाली. तासाला ३८ वेळा श्वास अडतो, म्हणजे स्लीप ॲप्निया आहे, असं निघालं.

मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन येऊन २२ दिवस झाले. आठवड्यात ताजीतवानी व्हाल असं सांगितलं होतं. मी मात्र घरात सगळ्यांवर खेकसते, वर्गात डोळे भरून येतात, डोक्यात मधूनच वीज चमकल्यासारखं होतं. साडेबाराच्या सुमाराला गेलेली आई स्वप्नात येते, पहाटे विहिरीत बुडत असल्याचं स्वप्न पडतं. पावणेदोनला जाग येते तेव्हा मास्क काढून ठेवते. सकाळी तोंड कोरडं पडलेलं असतं. हे म्हणतात, हत्तीच्या सोंडेशेजारी झोपल्यासारखं वाटतं. जाऊबाईंच्या क्लोनाझेपामच्या, गुंगीच्या, गोळ्या चार-पाच वेळा घेतल्या. मशीन आलं म्हणून एसिटालोप्राम मात्र मीच बंद केली, तिला आता १८ दिवस झाले. कधी कधी सगळंच नको वाटतं. मुलगी म्हणते, परत करून टाक ते यंत्र. करू का?

(सोबत मशीनच्या स्क्रीनचा फोटो: दाब ऑटो ४ ते २०, रोजचा सरासरी वापर ३ तास १० मिनिटं, लीक म्हणजे हवेची गळती ३८, एएचआय म्हणजे तासाला श्वास अडण्याचे प्रसंग ११.)

उत्तर

ताई, मशीन परत करू नका. फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. तुमच्या चिडचिडीची निम्मी उत्तरं त्या फोटोत आहेत आणि उरलेली पत्राच्या शेवटच्या ओळींत.

आधी त्या शेवटच्या ओळी. दीड वर्ष चाललेली एसिटालोप्राम तुम्ही एका दिवसात बंद केलीत. हे औषध असं अचानक थांबवलं की बऱ्याच जणांना दोन ते चार दिवसांत त्रास सुरू होतो. चिडचिड, विनाकारण रडू, चक्कर, ठसठशीत स्वप्नं, आणि तुम्ही लिहिलंत ते अगदी ओळखीचं लक्षण, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं. मास्कमुळे डोक्यात वीज चमकत नाही. मशीन आणि गोळी बंद करणं एकाच आठवड्यात घडलं, म्हणून सगळा दोष समोर दिसणाऱ्या यंत्रावर गेला. हा त्रास बहुतेकांचा काही आठवड्यांत ओसरतो, पण १८ दिवसांनीही रडू येतंय म्हणजे मूळची उदासीनता परत डोकं वर काढतेय का, हेही तपासायला हवं. उद्या सकाळी शाळेत जाण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा आणि गोळी कोणत्या तारखेपासून बंद आहे ते सांगा. परत सुरू करायची का, किती करायची, ते त्यांना ठरवू द्या. मशीन नीट चालायला लागल्यावर पुढे कधी गोळी कमी करता येईलही, पण ती टप्प्याटप्प्यानं.

जाऊबाईंच्या गोळ्या आजपासून बंद. क्लोनाझेपाम घशाचे स्नायू सैल करू शकते आणि श्वास अडल्यावर मेंदू जो धक्का देऊन जागं करतो तो धक्काही मंद करते. तुम्ही ती घेता आणि पावणेदोनला मास्क काढता, हे दोन्ही एकाच रात्रीत नको. चार-पाच वेळाच घेतलीत म्हणून थेट थांबवता येईल. महिनोन्‌महिने रोज घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम सोडू नये.

आता स्वप्नांकडे येऊ. तुमची दोन स्वप्नं दोन वेगळ्या कारणांची आहेत असं मला वाटतं.

श्वास अडून वर्षानुवर्षं दर दोन मिनिटांनी झोपमोड होत राहिली, त्यामुळे गाढ झोप आणि स्वप्नांची झोप या दोन्हींचा अनुशेष साठला. मशीनमुळे घसा उघडा राहायला लागला की शरीर ती थकबाकी वसूल करायला लागतं. पहिल्या काही रात्री स्वप्नांची झोप नेहमीपेक्षा जास्त आणि दाट येते. डॉक्टर याला रेम रिबाउंड म्हणतात. जुनी माणसं, जुनी दुःखं लख्ख दिसतात, सकाळी मन जड असतं. साडेबाराला आई येते तेव्हा मास्क चेहऱ्यावर असतो. म्हणजे तुम्हाला न तुटलेली झोप मिळू लागलीय. हा भर सहसा काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत कमी होतो. तुमच्या बाबतीत गोळी अचानक थांबल्यामुळे तो लांबला असणार, कारण एसिटालोप्रामसारखी औषधं स्वप्नांची झोप दाबून ठेवतात आणि औषध काढलं की ती झोप उसळते.

विहिरीचं स्वप्न वेगळं. स्वप्नांची झोप रात्रभर सारखी वाटलेली नसते. पहिली फेरी झोप लागल्यावर साधारण दीड तासानं येते आणि जेमतेम पाच-दहा मिनिटं टिकते. पहाटेच्या फेऱ्या अर्ध्या तासाच्या आणि त्याहून मोठ्या असतात. या झोपेत हातापायांचे स्नायू ढिले पडतात तसे घशाचेही पडतात, त्यामुळे श्वास अडण्याचे प्रसंग लांबतात आणि ऑक्सिजन जास्त उतरतो. बायकांमध्ये तर बरेचदा हा आजार स्वप्नांच्या झोपेतच एकवटलेला असतो. तुमचा मास्क पावणेदोनला निघतो. म्हणजे ज्या तासांत मशीनची सर्वात जास्त गरज, नेमके तेच तास उपचाराशिवाय जातात. पहाटे बुडाल्यासारखं वाटतं, कारण खरंच श्वास अडलेला असतो. अशा पहाटेनंतर साडेदहाला वर्गात डोळे भरून आले तर त्यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही.

म्हणून काम एकच: पावणेदोन ते पाच हे तास मास्कमध्ये आणायचे. ते जमत का नाही, हे तुमचे तीन आकडे सांगतात.

लीक ३८ आहे. तुमच्याकडच्या प्रकारच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती मशीन सांभाळून घेतं. त्यापुढे गेली की दाब घशापर्यंत पुरत नाही, मशीन हवा वाढवत बसतं आणि त्या झोतानं जाग येते. मास्कवर श्वास अडणं तासाला पाचाच्या खाली यायला हवं, तुमचं ११ आहे. पण इतक्या लीकमध्ये ११ या आकड्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. आधी लीक आटोक्यात, मग एएचआयची चर्चा.

तोंड कोरडं पडतं म्हणजे हवा तोंडावाटे निसटतेय. नाकाचा मास्क असताना हे होतंच, विशेषतः नाक चोंदलेलं असेल तर. झोपण्याआधी अर्धा तास सलाइनचे थेंब नाकात घाला. आठवडाभरात फरक पडला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. सर्दीच्या दुकानी थेंबांची रोजची सवय लावू नका, त्यानं चोंदणं वाढतं. एवढं करूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मागा. मास्क बदलणं हा कमीपणा नाही, पहिला मास्क अनेकांना जमत नाही. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरतात, ते तुम्ही करू नका.

मास्क बसवायची रीतही तपासा. बहुतेक जण पलंगावर बसून पट्टे ओढतात, मग आडवं झाल्यावर चेहऱ्याचा आकार बदलतो आणि कडा सुटतात. मशीन चालू करून, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर आडव्या व्हा. मास्क बोटभर उचलून पुन्हा टेकवा म्हणजे सिलिकॉनच्या उशीत हवा भरून ती नीट बसते. मग दोन्ही बाजूंचे पट्टे थोडे थोडे, सारखे आवळा. सकाळी गालावर वळ उठत असतील तर जास्त आवळलेत. रात्री डोक्याला तेल, चेहऱ्याला क्रीम लावत असाल तर ती वेळ संध्याकाळकडे न्या, तेलकट त्वचेवर सिलिकॉन घसरतं. मास्कची ती सिलिकॉनची उशी रोज सकाळी सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवा. मशीनच्या बाष्पाच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरच्या पाण्याचा क्षार बसतो. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड झाली तर मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा आणि नळी चादरीखाली घ्या.

आता ते ४ ते २०. ही दाबाची, कारखान्यातून आलेली मोकळी रेंज आहे, कुणीतरी ती तशीच सोडलीय. चारवर पुष्कळांना हवा कमी पडते, गुदमरल्यासारखं होतं, आणि रात्री दाब चारवरून एकदम वर चढला की दचकून जाग येते. मशीनमध्ये रात्रीगणिक नोंद असते. ज्या दाबाच्या खाली रात्रीचा ९० किंवा ९५ टक्के वेळ गेला तो आकडाही त्यात मिळतो. तो पाहून डॉक्टर खालची मर्यादा वर आणि वरची खाली आणू शकतात. स्वतः फिरवू नका, फोन करून ‘माझ्या नोंदी बघून रेंज आवळून द्या, आणि श्वास सोडताना दाब कमी होण्याची सोय चालू करा’ एवढंच म्हणा. नव्यानं उपचार सुरू झालेल्या काहींमध्ये मेंदूकडूनच श्वासाचा इशारा न येण्याचे प्रसंगही दिसतात. बहुधा ते काही आठवड्यांत कमी होतात, पण नोंदींत ते आहेत का हेही विचारून घ्या.

मास्कची सवय दिवसा करायची. रोज संध्याकाळी वह्या तपासायला बसता ना? मास्क लावून, मशीन चालू ठेवून वीस मिनिटं वह्या तपासा. लक्ष वहीत असलं की छातीतली धडधड आपोआप बसते. चार-पाच दिवसांनी रविवारी दुपारी मास्कसकट पडा. रात्री पावणेदोनला जाग आली तर मशीन बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे रॅम्प, दाब हळूहळू चढवायची सोय, चालू असेल तर दाब परत खालून सुरू होतो. बाथरूमला जायचं असेल तर फक्त नळी सोडवा, मास्क चेहऱ्यावरच राहू दे. काढलेला मास्क अर्धवट झोपेत परत लावणं कुणालाच जमत नाही. पहिले चार दिवस ध्येय फक्त सव्वादोनचं ठेवा. मग पावणेतीन. दर चार रात्रींनी अर्धा तास.

लाइट गेली की मशीन थांबतं आणि माणूस घाबरून उठतो. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतं आणि नाक-तोंडाच्या मास्कमध्ये हवेसाठी झडप असते, त्यामुळे गुदमरत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर घ्या, फक्त बाष्पाचा हीटर बंद ठेवा, वीज तोच जास्त खातो.

यजमानांना हे पत्र वाचून दाखवा. त्यांना हसू येतं त्या नळीमुळे आज तुमचा घसा उघडा राहतो. आणि तुमच्या रागात एक खरा रागही आहे, तो मला पत्रात जाणवला. पाळी गेल्यावर या आजाराचा धोका वाढतो आणि बायकांत तो बरेचदा मोठ्या घोरण्याऐवजी थकवा, तुटक झोप, उदासी असा दिसतो, म्हणून तो वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. सात-आठ वर्षं ‘वय झालं’ असं ऐकून घेतलंत, त्याचा राग आता उठायची ताकद आल्यावर वर येतोय. तो येऊ द्या, पण मुलीवर काढू नका.

किती दिवस लागतील? दिवसा डुलकी येणं काही आठवड्यांत कमी होतं, मन सावरायला एक ते तीन महिने धरा, तेही वर-खाली होत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह या मोठ्या अभ्यासात श्वास अडण्याच्या आजारासोबत हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७१७ रुग्ण होते. सीपॅप गटाचा सरासरी वापर रोज ३.३ तास, जवळजवळ तुमच्याइतकाच होता. हृदयविकाराचे झटके त्यानं कमी झाले नाहीत, पण दिवसाची झोप आणि मनःस्थिती दोन्ही सुधारली. तुम्हाला यापेक्षा जास्त तास मिळवायचे आहेत.

तीन आठवडे लीक आटोक्यात आणि वापर सहा तास असूनही दमणूक तशीच राहिली, तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. तोवर पेंगत असताना स्कूटर चालवू नका. आणि उलट झालं, म्हणजे तीन-चार तासांच्या झोपेवरच अंगात वारं भरल्यासारखं, बोलणं-खर्च-बेत सगळं सुसाट, तर तेही त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. क्वचित असं घडतं.

आता ‘सगळंच नको वाटतं’. हे वाक्य मी ओलांडून जाणार नाही. नको म्हणजे मशीन नको, की जगणंच नको? दुसरं असेल, एकदाही असेल, तर आज रात्री यजमानांना किंवा मुलीला शेजारी बसवून स्पष्ट सांगा, घरातल्या गोळ्या त्यांच्या ताब्यात द्या आणि १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

पंधरा दिवसांनी त्याच स्क्रीनचा फोटो पुन्हा पाठवा. वापराचे तास, लीक, एएचआय, आणि विहीर अजून दिसते का तेवढं लिहा.