कळावे, तुझा मोइदीन

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पटकथेचा खर्डा परवा कुरिअरनं आला. दुपारी जेवण झाल्यावर चाळायला म्हणून घेतला आणि संध्याकाळच्या चहापर्यंत संपवला. म्हणजे हात चालतो आहे तुझा. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं आहेस की, ‘एन्नु निन्टे मोइदीन’ हा मल्याळम चित्रपट तीनदा पाहिला आणि तेव्हापासून चिपळूणची एक तशीच गोष्ट डोक्यातून जात नाही. छान. मग आधी त्या चित्रपटाबद्दलच बोलू, तुझी संहिता नंतर.

त्या नावाकडे लक्ष दिलंस का? मल्याळममध्ये पत्र संपवताना सहीच्या आधी ‘एन्नु’ लिहायची रीत आहे. आपल्याकडे ‘कळावे’ लिहितात तसं. तेव्हा नावाचं साधं मराठी ‘कळावे, तुझा मोइदीन’ असं होईल. अख्ख्या चित्रपटाला नाव दिलंय ते एका पत्राच्या शेवटच्या ओळीचं. हे दोन प्रेमिक काही वर्षं एकमेकांना भेटूच शकत नव्हते, त्यांच्याकडे होता तो फक्त कागद. तुझ्या नायक-नायिकेकडे मात्र मोबाइल आहे, दुचाकी आहे, गुहागरचा किनारा आहे, आणि दर पाचव्या पानाला ते भेटतात. तक्रार करत नाही, काळ बदललाय. पण प्रेक्षकाला वाट बघायला लावशील असं तुझ्याकडे काय आहे, ते मला सापडलं नाही.

गोष्ट खरी घडलेली, तुला ठाऊकही आहे, तरी माझ्या पद्धतीनं सांगतो. कोळिक्कोड जिल्ह्यातलं मुक्कम हे गाव, त्याच्या कडेनं वाहणारी इरुवञ्ञी नदी. मोइदीन तिथल्या वजनदार मुसलमान घरातला, कांचनमाला सधन हिंदू घरातली. दोघांचे वडील एकमेकांचे स्नेही. इथे जरा थांब. तुझ्या खर्ड्यात दोन्ही घरं पहिल्या प्रसंगापासून एकमेकांना पाण्यात पाहतात, त्यामुळे पुढे जे होतं त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मुक्कमच्या गोष्टीत मोडते ती थोरांची मैत्री. ज्याच्या ओटीवर बसून वर्षानुवर्षं चहा प्यायलो त्याच्याच घरात आपलं पोर नको, ही अढी वैऱ्याच्या वैरापेक्षा जास्त बोचते. चिपळूणला हे तुला शोधत फिरावं लागणार नाही. ईदेचा शिरखुर्मा शेजारी जातो, गणपतीचे मोदक उलट येतात, आणि सगळं सुखेनैव चालतं. फक्त सोयरिकीचा विषय निघेपर्यंत.

दोघांचं प्रेम घरी कळल्यावर कांचनमालाचं कॉलेज सुटलं, तिला घरात कोंडलं गेलं. त्या कोंडवाड्यातून तिनं मोइदीनला पत्रं लिहिली, तीही स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत. चिठ्ठी कुणाच्या हाती लागली तरी वाचता येऊ नये म्हणून. मला ही लिपी चित्रपटातल्या सगळ्या गाण्यांपेक्षा मोठी वाटते. (आणि गाणी लहान नाहीत, त्यातल्या एका गाण्यासाठी एम. जयचंद्रन यांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.) विचार कर: कोंडलेली एक मुलगी अक्षरं नव्यानं पाडते, आणि ती वाचू शकणारा जगात एकच माणूस. प्रेमाची याहून नेमकी व्याख्या मला तरी संवादात लिहिता आली नसती. तुझ्या नायिकेनं ‘मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही’ हे वाक्य तीन ठिकाणी म्हटलंय. तिन्ही काढ. त्याऐवजी तिला काहीतरी करायला दे.

आता माझा मुख्य मुद्दा. तू दोघांना मनापासून लिहिलंस, पण भोवतालची माणसं पुठ्ठ्याची ठेवलीस. बाप ओरडतो, भाऊ धमकावतो, आई पदराला डोळे लावते. एवढंच. मोइदीनचा बाप आठव. तो मुलाला घराबाहेर काढतो, आणि एक दिवस स्वतःच्या हातानं त्याला भोसकतो. मुलगा वाचतो, आणि पोलिसांना जबाब देताना बापाचं नाव घेत नाही. त्या क्षणी बापाचं जे होतं ते बाप झालेल्या साईकुमारच्या चेहऱ्यावर बघ, मोइदीन झालेल्या पृथ्वीराजच्या नको. भोसकणारा बाप खलनायक म्हणून लिहिणं सोपं होतं. ज्याला मुलानं वाचवलं असा बाप लिहिणं अवघड, आणि गोष्ट तिथे राहते.

दुसरं माणूस म्हणजे मोइदीनची आई, पात्तुम्मा. जुलै 1982 मध्ये इरुवञ्ञीला पूर आला होता, मोइदीन होता ती होडी उलटली. इतरांना वाचवता वाचवता तो गेला. लग्न झालेलंच नव्हतं. कायद्यानं, धर्मानं, रीतीनं कांचनमाला त्या घरची कुणीच नव्हती. तिनं जीव द्यायचं मनात घेतलं, आणि पात्तुम्मानं येऊन तिला घरी नेलं, मोइदीनची विधवा म्हणून. ना निकाह, ना सप्तपदी, आणि सासू येऊन सुनेला घेऊन जाते. पुढे कांचनमालांनी मोइदीनच्या नावानं ‘सेवा मंदिर’ ही समाजसेवेची संस्था चालवली, आयुष्य तिथेच काढलं. चित्रपट सुंदर आहे, जरा जास्तच सुंदर, जोमोन टी. जॉनच्या कॅमेऱ्यातला पाऊस कधीकधी माणसांना झाकून टाकतो. पण पात्तुम्मा आली की मला पाऊस दिसेनासा होतो.

म्हणून तुझ्या खर्ड्यातल्या नायिकेच्या आईबद्दल विचारतो. ती चाळीस पानं काय करते? स्वयंपाक. तिला काही माहीत आहे का? कधी कळलं? कळूनही किती दिवस गप्प राहिली, आणि कुणासाठी? एवढं लिहून काढ, पटकथेत नाही, वहीत. मग बघ दुसरा अंक कसा हलतो ते.

अशा गोष्टीत सूर हलकाही ठेवता येतो, हेही लक्षात असू दे. विनीत श्रीनिवासनचा 2012 चा ‘तट्टत्तिन मरयत्तु’ मिळाला तर बघ. तट्टम म्हणजे तिकडच्या मुसलमान बायका डोक्यावरून घेतात ती ओढणी. हिंदू मुलगा, मुसलमान मुलगी, गाव तलश्शेरी. (त्यातली आयेशा आपल्या मुंबईची ईशा तलवार आहे.) मुलगा पोलीस ठाण्यात सापडतो आणि आपली प्रेमकथा पोलिसांनाच सांगत बसतो. ऐकणारे पोलीस हळूहळू गोष्टीत गुंततात. पुन्हा तेच बघ: दिग्दर्शकानं तिसऱ्या माणसांना कामाला लावलंय.

भाषेचं एक बोलतो, राग मानू नकोस. तुझी मुमताज प्रत्येक प्रसंगात शेर म्हणते. चिपळूणच्या कोकणी मुसलमान घरात सकाळी पाणी भरताना कोण शेर म्हणतं ग? ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोकणी-मराठी बोलत आली आहेत, तुझी आजी बोलते तिच्या फार लांबची नाही. या दोन मल्याळम चित्रपटांत हिंदू आणि मुसलमान एकाच मल्याळममध्ये प्रेम करतात, भांडतात. फरक असतो तो आईला मारलेल्या ‘उम्मा’सारख्या एखाद्या हाकेचा, एखाद्या लकबीचा. तू हिंदी सिनेमातून मुसलमान आणलास, चिपळूणजवळच्या मिरजोळीतून नाही. मिरजोळी म्हटल्यावर आठवलं, ते हमीद दलवाईंचं गाव. त्यांची 1965 ची ‘इंधन’ कादंबरी वाचल्याशिवाय पुढचा खर्डा लिहू नकोस. आणि महिनाभर बाजारात, जेटीवर, एसटीत नुसती कान देऊन बस. सांदण दोन्ही घरांत होतात, पण मागताना शब्द कुठे वळतो ते ऐक.

आता कायदा. तुझी जोडी सकाळी पळते आणि दुपारी ‘कोर्ट मॅरेज’ करून बाहेर येते. तसं होत नाही. धर्म न बदलता लग्न करायचं तर 1954 चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात आधी किमान 30 दिवस राहिलेलं हवं. मग नोटीस द्यायची, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, आणि हरकतीसाठी पुन्हा 30 दिवस थांबायचं. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या कार्यालयातही जाते, तिथेही लागते. म्हणजे मुलीनं पुण्यात नोटीस दिली तरी कागद रत्नागिरी जिल्ह्यात पोचणार. हरकत घेता येते ती वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, मानसिक अवस्था असल्या अटींवर; धर्म वेगळा ही हरकत होऊच शकत नाही. लग्नाला साक्षीदार तीन लागतात. अगं, सरकारनं तुला आयता दुसरा अंक लिहून दिलाय आणि तू तो एका ‘कट टू’मध्ये उडवलास!

मी एकदा अशा लग्नाचा साक्षीदार होतो. गाव सांगत नाही. मित्र हिंदू, ती मुसलमान. नोटीस जाळीच्या फळ्यावर लागली आणि आम्ही तिघे-चौघे आळीपाळीनं समोरच्या टपरीवर चहा पीत पहारा द्यायचो, कोण वाचतं ते बघायला. दिवसाला सहा-सहा कप. आठव्या की नवव्या दिवशी पाहिलं तर कुठल्याशा लिलावाची जाहिरात नेमकी तिच्या नावावर चिकटवलेली. तारीख दिसत होती, शिक्का दिसत होता, नाव नाही. फळ्याची किल्ली असायची तिथल्या शिपायाकडे. त्याच्याशी आमचं कधी चार शब्दांचंही बोलणं झालं नव्हतं. लग्नाच्या दिवशी पेढा द्यायला गेलो तर त्यानं तो घेतला, खिशात ठेवला आणि म्हणाला, ‘झेरॉक्स पलीकडच्या दुकानात मिळते.’ हा माणूस तुला देऊन टाकला. वापर.

शेवटचं, जरा नाजूक. तुझी गोष्ट तुमच्या आळीतल्या खऱ्या जोडप्यावर बेतलेली आहे, असं तू ओझरतं लिहिलं आहेस. दिग्दर्शक आर. एस. विमल यांनी आधी कांचनमालांवर माहितीपट केला होता, मग 2015 मध्ये हा चित्रपट आला. तरी चित्रपटातल्या चित्रणाबद्दल कांचनमालांनी उघड नाराजी बोलून दाखवली. लाखो लोक जिच्यासाठी रडले तिलाच ते आपलं वाटलं नाही. तेव्हा त्या बाईंकडे जा. खर्डा घेऊन नको, रिकाम्या हातानं. त्या ‘लिहू नकोस’ म्हणाल्या तर नावगाव बदलून भागेल असं समजू नकोस. चिपळूण लहान आहे.

पुढचा खर्डा दिवाळीपर्यंत आला तरी चालेल. आईचं पान मात्र आधी पाठव, पोस्टकार्डावर पाठवलंस तरी चालेल.

कळावे,
तुझा
सर