समीकरणातली संख्या पलीकडे जाते कुठे?

पत्रं वेगवेगळ्या घरांतून येतात, गोंधळ मात्र तोच. म्हणून सहावी ते आठवीच्या गणितातल्या काही शंका एकत्र घेतो.

१ ही मूळ संख्या आहे का? मुलीच्या मैत्रिणी हो म्हणतात.

नाही. मूळ संख्येला नेमके दोन विभाजक लागतात, १ ला एकच आहे.

२४ ÷ ६ × २ याचं उत्तर ८ की २? मोबाइलवर यावरून वाद चाललाय.

८. वाद फुकटचा आहे. गुणाकार-भागाकार एका दर्जाचे, बेरीज-वजाबाकी एका दर्जाची. डावीकडून जी क्रिया आधी येईल ती आधी करायची. नुसतं 'कंचेभागुबेव' (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी असा क्रम) घोकलेली मुलं इथे बचावतात, पण १० − ४ + ३ मध्ये बेरीज आधी उरकून ३ लिहितात. उत्तर ९ आहे.

'पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं' हे मुलाला पाठ आहे. तरी ३क्ष = १२ सोडवताना तो कधी ९ लिहितो, कधी −४. लक्ष नसतं का त्याचं?

लक्ष आहे, म्हणूनच चुकतो. शिकवलेला नियम त्याने इमानदारीत लावला. ३ पलीकडे गेला, चिन्ह बदललं, १२ − ३ = ९. दुसऱ्या वेळी भागाकार आठवला, पण चिन्हही बदललं: १२ ÷ (−३) = −४.

संख्या कुठेही जात नाही. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया होते, बस. ३क्ष म्हणजे ३ गुणिले क्ष, म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागा, क्ष = ४. आता ५क्ष − ७ = २क्ष + ८ घ्या. दोन्हीकडून २क्ष वजा करा: ३क्ष − ७ = ८. दोन्हीकडे ७ मिळवा: ३क्ष = १५. दोन्ही बाजूंना ३ ने भागा: क्ष = ५. इथे थांबायचं नाही. मूळ समीकरणात ५ घालून बघा: डावीकडे २५ − ७ = १८, उजवीकडे १० + ८ = १८. हा ताळा वहीत दिसलाच पाहिजे. बहुतेक वह्यांत तो नसतो, आणि तपासणारे त्याकडे काणाडोळा करतात.

मूळ दुखणं आणखी खाली आहे. मुलाला विचारा: ८ + ४ = ▢ + ५, चौकटीत काय? १२ म्हणाला, तर त्याच्या लेखी '=' म्हणजे 'आता उत्तर लिही'. अशीच मुलं 'क्ष + ५ = १२ = १२ − ५ = ७' असं एका ओळीत लिहितात, म्हणजे १२ आणि ७ सारखे! आधी हे दुरुस्त करा. काही आठवडे प्रत्येक पायरी नव्या ओळीवर, शेजारी काय केलं ते शब्दांत. पक्षांतराचा, म्हणजे संख्या 'पलीकडे' नेण्याचा, जवळचा मार्ग त्यानंतर. मात्र वर्गात कोणती पद्धत चालू आहे ते शिक्षकांना विचारून घ्या. घरात एक, शाळेत एक असं झालं तर मूल दोन्हीकडून जातं.

१/२ + १/३ = २/५ का नाही?

२/५ हे १/२ पेक्षाही लहान आहे. मिळवल्यावर कमी कसं होईल? छेद ६ करा: ३/६ + २/६ = ५/६.

'जलद गणित'चा महागडा कोर्स लावावा का? नमुन्यात ९७ × ९६ चुटकीसरशी करून दाखवलं.

नमुना निवडून घेतलेला असतो. १०० ला ३ आणि ४ कमी; ९७ − ४ = ९३, ३ × ४ = १२, उत्तर ९३१२. आता हीच युक्ती ६३ × ४८ ला लावायला सांगा: ३७ × ५२ करत बसावं लागेल, म्हणजे नेहमीचाच गुणाकार. युक्ती खोटी नाही, पण ती का चालते हे (१०० − अ)(१०० − ब) च्या विस्तारातून कळतं आणि तो विस्तार शाळेत शिकवतातच. पैसे भरण्याआधी मुलाच्या शिक्षकांशी बोला.

मुलगी सातवीत आहे, ऋण संख्या अजून जमत नाहीत. पुढच्या वर्षी आपोआप जमेल, असं नातेवाईक म्हणतात.

आपोआप काही जमत नाही. पुढच्या वर्षी याच संख्या समीकरणांत, घातांकांत आणि आलेखात येतील. तिची वही घेऊन याच आठवड्यात शिक्षकांना भेटा; चुका खोडलेली नको, आहे तशी. −३ − ५ चं उत्तर ८ येत असेल, तर 'दोन उणे मिळून अधिक' हा गुणाकाराचा नियम ती वजाबाकीत लावते आहे. संख्यारेषेवर −३ पासून ५ घरं डावीकडे मोजून घ्या, −८. पण नियमित सराव करूनही साध्या बेरजा बोटांवरच होत असतील किंवा दोन संख्यांतली मोठी कोणती हेच गडबडत असेल, तर शिकवणी बदलण्यात वेळ घालवू नका, शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी करून घ्या. पत्रावरून ते ठरवता येत नाही.