तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि एक हमीपत्र

प्रश्न ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रश्न विचारणाऱ्या ताई वित्त व लेखा सेवेत आहेत. वेगवेगळ्या विभागांतले आणि महामंडळांतले चाळीसेक अधिकारी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला येणार आहेत, विषय ‘सार्वजनिक कर्ज व्यवस्थापनाच्या कायदेशीर बाजू’. साहेबांनी सांगितलंय, राज्यघटनेपासून सुरुवात करा. त्याप्रमाणे वेळापत्रक तयार आहे: पहिला दिवस अनुच्छेद २९२ आणि २९३ (केंद्राने आणि राज्याने कर्ज काढण्याचे), दुसरा दिवस एफआरबीएम (तुटीला आणि कर्जाला शिस्त लावणारा कायदा) आणि रिझर्व्ह बँक कायदा, तिसऱ्या दिवशी जेवणानंतर दीड तास ‘शासन हमी’, म्हणजे महामंडळाने कर्ज फेडलं नाही तर शासन फेडेल असं बँकेला दिलेलं वचन. हे बरोबर आहे का, असं विचारलंय.

माझं उत्तर: वेळापत्रक उलटं करा. हमी पहिल्या दिवशी सकाळी घ्या, सगळे जागे असताना. अनुच्छेद नंतर आले तरी चालतील.

सव्वीस वर्षं शासनात काढली, त्यातली नऊ हमीच्या नस्त्यांवर (फायलींवर). त्यावरून सांगतो. तुमच्या वर्गात येणाऱ्या चाळीसपैकी एकही जण आयुष्यात राज्याचे रोखे काढणार नाही. ते काम वित्त विभागातली मोजकी माणसं आणि रिझर्व्ह बँक करते. मंगळवारी लिलाव होतो, व्याजदर ठरतो, पैसे जमा होतात. ग्रामविकास किंवा जलसंपदातल्या उपसचिवाला त्यात हात घालायला वावच नाही. त्याच्या टेबलावर येतं ते महामंडळाचं पत्र: ‘बँकेने सोबतच्या नमुन्यात शासन हमी मागितली आहे, कृपया तातडीने कार्यवाही व्हावी.’ त्या क्षणी त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढाच खरा अभ्यासक्रम.

म्हणून पहिल्या सकाळी भाषण नको. एक खरं हमीपत्र, नावं आणि आकडे खोडून, प्रत्येकाच्या हातात द्या. लाल पेन द्या. एक तास वाचू द्या. मग विचारा, बँक आधी महामंडळावर दावा लावेल की थेट शासनाकडे येईल? निम्मा वर्ग म्हणेल, आधी महामंडळाकडे जाईल, तिथे नाही मिळालं तर आपल्याकडे. चूक. भारतीय करार अधिनियम १८७२चं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही नसेल तर हमीदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच (कर्जदाराइतकीच). आधी ऋणकोकडून वसुलीचे सगळे प्रयत्न करा आणि मग हमीदाराकडे या, असं बँकेला सांगता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहारच्या प्रकरणात १९६८ मध्येच स्पष्ट केलंय. ‘आम्ही फक्त हमीदार’ हे वाक्य मी बैठकांमध्ये इतक्यांदा ऐकलंय! त्यातल्या ‘फक्त’ला कायद्यात काही किंमत नाही.

त्यानंतर त्यांना ते कंटाळवाणं कलम शोधायला लावा, जे सगळे नजरेआड करतात: ‘हमीदार कलम १३३, १३४, १३५, १३९ आणि १४१ अन्वये मिळणारे हक्क सोडून देत आहे.’ एका ओळीत पाच कलमं. हमीदाराला न विचारता मूळ करार बदलला तर पुढच्या व्यवहारांपुरता हमीदार सुटतो, हे १३३. ऋणकोला सोडलं तर हमीदारही सुटतो, हे १३४. बँकेने ऋणकोशी तडजोड केली, मुदत वाढवून दिली तर सुटतो, हे १३५. बँकेच्या वागण्यामुळे हमीदाराला ऋणकोकडून वसूल करणं अवघड झालं तर सुटतो, हे १३९. आणि १४१ म्हणजे पैसे भरल्यावर बँकेकडचं तारण आपल्याला मिळायचा हक्क. हे सगळं त्या एका ओळीत आपण सोडून देतो, आणि नस्तीवर लिहितो, ‘हमीपत्राचा मसुदा बँकेच्या विहित नमुन्यात असून सर्वसाधारण स्वरूपाचा आहे.’ हक्क सोडूच नयेत असं माझं म्हणणं नाही. बँक बहुतेकदा ऐकत नाही. पण मुदतवाढ शासनाला कळवल्याशिवाय देणार नाही आणि तारण सोडणार नाही, एवढ्या दोन अटी मागून पाहिल्या तर बऱ्याचदा मिळतात. मागणारा मात्र हवा.

आता माझीच फजिती सांगतो, कारण वर्गात हीच सर्वात जास्त चालते. एका महामंडळाच्या कर्जाला हमी द्यायची होती. शासन निर्णयात स्वच्छ लिहिलं होतं, हमी फक्त मुद्दलाच्या मर्यादेपर्यंत. हमीपत्राच्या पहिल्या पानावरही तोच आकडा. पण ‘देय रक्कम’ म्हणजे काय याची व्याख्या शेवटच्या पानावर, परिशिष्टात होती. तिथे मुद्दल, व्याज, दंडव्याज, वसुलीचा खर्च, सगळं बसवलेलं. कक्ष अधिकाऱ्यापासून वरपर्यंत सगळ्यांनी पहिलं पान वाचलं. शेवटच्या पानावर माझीही आद्याक्षरी होती. सहा वर्षांनी मागणी आली तेव्हा व्याज मुद्दलाच्या जवळ पोचलेलं. शासन निर्णय एक सांगतो आणि करार दुसरं, मग खरं काय? विधी व न्याय विभागाकडे नस्ती गेली. उत्तर आलं, सहीचा अधिकार होता, करार राज्यपालांच्या नावाने होता, पान आपलंच आहे. शेवटी बँकेशी घासाघीस करून दंडव्याज सोडवून घेतलं, बाकीचं भरलं. तेव्हापासून हमीपत्र मी शेवटच्या पानापासून वाचतो.

यातूनच पुढचा मुद्दा येतो, तो अनुच्छेद १६६ आणि २९९ यांतल्या फरकाचा. आपण सगळे शासन निर्णयाखाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ टंकून टंकून मोठे झालो. म्हणून वाटतं की शासन निर्णय निघाला म्हणजे हमी दिली. तसं नाही. शासन निर्णय हा १६६खालचा आदेश, हमी हा २९९खालचा करार. तो राज्यपालांच्या नावाने व्हावा लागतो आणि त्यासाठी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यानेच करावा लागतो. भिकराज जयपुरिया खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नमुना ऐच्छिक नाही, तो पाळला नाही तर करार सरकारवर बंधनकारक नाही, असं ठरवलं. पण त्याच वर्षी बी. के. मंडल प्रकरणात हेही ठरलं की करार नसला तरी सरकारने समोरच्याच्या कामाचा लाभ घेतला असेल तर करार अधिनियमाच्या कलम ७० खाली भरपाई द्यावी लागू शकते. म्हणजे सदोष कागद करून सरकार अलगद निसटतं, या भ्रमातही कुणी राहू नये. (अनुच्छेद २९९(२) सांगायला विसरू नका: सही करणारा अधिकारी व्यक्तिशः देणं लागत नाही. हे ऐकल्यावर वर्गाचा चेहरा खुलतो. विभागीय चौकशीबद्दल घटना काही बोलत नाही, हे चहानंतर सांगा.)

दुसऱ्या दिवशी सकाळी दाभोळ. महाराष्ट्रात हा विषय शिकवायचा आणि एन्रॉन वगळायचं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत येणं. लोकांना राजकारण आठवतं, कागद आठवत नाहीत. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाचा एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदी करार, १९९४च्या फेब्रुवारीत राज्याची हमी, त्याच सप्टेंबरात पहिल्या टप्प्यासाठी केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्र देईल ही हमी. वर्गाला विचारा, राज्याने हमी कशाची दिली होती? ‘कर्जाची’ असं उत्तर येईल. ती वीजबिलाची होती! मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच, आणि त्यातला मोठा भाग डॉलरशी बांधलेला. म्हणजे हमीच्या कागदावर ठरावीक रक्कमच नव्हती. दर महिन्याला नवीन बिल, प्रत्येक बिलामागे शासन. कर्जाच्या तक्त्यात हे कुठे दिसणार? २०००च्या अखेरीला मंडळाची बिलं थकली, २००१च्या सुरुवातीला हमी आणि प्रतिहमी दोन्ही इन्व्होक झाल्या, म्हणजे त्यांखाली पैसे मागितले गेले, मे महिन्यात मंडळाने करारच रद्दबातल ठरवला आणि डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला तेव्हा कंपनी लंडनला लवादात गेली होती, हेही सांगा. गुहागरातल्या प्रकल्पाचा वाद टेम्सच्या काठी का, हा प्रश्न विचारला की वाद कुठे आणि कोणत्या कायद्याने सुटायचा हे सांगणारं कलम आपोआप शिकवून होतं.

याच दिवशी अनुच्छेद २९३(१) आणा. राज्याला कर्ज काढता येतं, हमी देता येते, विधानमंडळाने कायद्याने घातलेल्या ‘मर्यादा असल्यास’ त्या मर्यादेत. सगळी गंमत त्या ‘असल्यास’मध्ये आहे. मर्यादा घातलीच नाही तर कार्यकारी शासनाचा हात मोकळा. दाभोळची हमी दिली तेव्हा आपला एफआरबीएम कायदा दशकभर लांब होता, तो आला २००५ मध्ये.

तुलनेला मोझांबिक घ्या, अर्धा तास पुरे. २०१३-१४ मध्ये तीन सरकारी कंपन्यांनी सुमारे दोन अब्ज डॉलर कर्ज काढलं. टूना मासेमारीच्या नौका आणि किनारा सुरक्षा हा उद्देश. वित्तमंत्री मॅन्युएल चांग यांनी संसदेला न विचारता हमीवर सह्या केल्या. २०१६ मध्ये लपवलेली कर्जं उघड झाली, नाणेनिधीने मदत थांबवली. पुढे त्यांच्या घटना परिषदेने या हमी रद्दबातल ठरवल्या, चांग यांना २०२४ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयात दोषी धरलं गेलं. आपल्या वर्गासाठी प्रश्न एकच: मंत्र्याची सही दिसली म्हणजे अधिकार होता, असं धनकोने मानायचं का? यावर वर्ग भांडतो. भांडू द्या.

कोणीतरी सुचवेल की युनिटारचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तोच लावू. संयुक्त राष्ट्रांची ही संस्था या विषयात चांगलं काम करते, तुम्ही स्वतः तो जरूर करा. पण अशा अभ्यासक्रमांचा रोख परदेशी धनकोंशी वाटाघाटी करणाऱ्या देशांकडे असतो. आपल्या राज्याला भारताबाहेर कर्ज काढताच येत नाही, २९३(१) मध्ये ‘भारताच्या राज्यक्षेत्रात’ असं स्पष्ट आहे. मग मधली वाट काय? केरळच्या किफ्बीने (पायाभूत प्रकल्पांसाठी पैसा उभारणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१९ मध्ये लंडनच्या बाजारात मसाला बाँड, म्हणजे परदेशात विकलेले रुपयातले रोखे, काढले, २१५० कोटींचे, राज्याच्या हमीवर. कॅगने (महालेखापरीक्षकांनी) विचारलं, हे राज्याचंच परदेशी कर्ज नाही का? केरळ म्हणालं, किफ्बी वेगळी निगमित संस्था आहे. आपल्याकडे अटल सेतूसाठी एमएमआरडीएने जपानच्या जायका या मदतसंस्थेकडून थेट कर्ज घेतलं, पण ते केंद्राने २०१७ मध्ये आखलेल्या धोरणाखाली, केंद्राची प्रतिहमी घेऊन. हे दोन कागद शेजारी ठेवले की फरक कळतो.

किफ्बीवरून २९३(३) वर उतरा: केंद्राचं कर्ज फेडायचं बाकी असेपर्यंत राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. महामंडळांनी काढलेलं आणि राज्याने फेडायचं कर्ज राज्याच्या कर्जमर्यादेत धरायचं की नाही, यावरून केरळ २०२३च्या डिसेंबरात अनुच्छेद १३१ खाली (केंद्र-राज्य वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याची तरतूद) सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ एप्रिल २०२४ला न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला आणि मूळ प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे पाठवला. महामंडळवाल्यांना हे समजावून सांगा, कारण ‘कर्ज आमचं आहे, शासनाचं नाही’ हा त्यांचा आवडता युक्तिवाद आहे.

एफआरबीएम, रोख्यांचे लिलाव, अर्थोपाय अग्रिमं (रिझर्व्ह बँकेकडून राज्याला मिळणारी अल्प मुदतीची उचल) यांना मिळून एक सत्र पुरे. रिझर्व्ह बँकेतला कुणी निवृत्त मिळाला तर उत्तम. पॉवरपॉइंट आणू नका म्हणावं.

तिसऱ्या दिवशी बहुपर्यायी परीक्षा घेऊ नका. प्रत्येकाला एक पत्र द्या. बँकेचं, थकीत हमी रकमेची मागणी करणारं. उत्तराचा मसुदा लिहायला सांगा. पैज लावतो, पंचवीस जण लिहितील: ‘आपली थकीत रक्कम तरतूद उपलब्ध होताच अदा करण्यात येईल.’ नेहमीचं, नम्र, निरुपद्रवी वाक्य. मग मुदत अधिनियम १९६३चं कलम १८ फळ्यावर लिहा: दावा लावायची मुदत संपण्याआधी देणं मान्य करणारी सही केलेली चिठ्ठीसुद्धा मुदत नव्याने सुरू करते. बँकेचा दावा दोन महिन्यांत मुदतबाह्य होणार होता, आणि आपल्या अवर सचिवाने एका ओळीत त्याला आणखी तीन वर्षं दिली. शासनाने खरं देणं बुडवावं असं म्हणत नाही. पण मान्य करायचं की नाही, किती करायचं, हा निर्णय नस्तीवर विचार करून व्हावा, टंकलेखनाच्या सवयीने होऊ नये. अशा वेळी काय लिहावं? ‘आपले दिनांक अमुकचे पत्र प्राप्त झाले. विषय तपासणीखाली आहे. या पत्राने कोणतेही दायित्व मान्य केले आहे असे समजू नये.’ बस. त्या दिवशी हीच तीन वाक्यं पंचवीस वेळा लिहून घ्या, शाळेत शुद्धलेखन घ्यायचे तशी.

हमीपत्राचा नमुना हवा असेल तर संदेश पाठवा. नावं, आकडे, खातं सगळं खोडून देतो. परिशिष्टासकट.