हिरव्या बांगड्या आणि प्रभुभोजन

प्रश्न : माझे माहेर निपाणीचे आणि सासर खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीतील वडीलजनांनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांनी, स्त्रियांना बांगड्या व गजरा वर्ज्य केला आहे. भाताची रोपलावण चालू असताना एका रविवारी मी उपासनेला न जाता शेतात राहिले, म्हणून पुढच्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, वेळी मला मागे बसवण्यात आले. माझे तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, गेले का?

उत्तर : नाही, ताई. तारण ही देवाची कृपा आहे आणि ती विश्वासाने स्वीकारायची असते. रविवारच्या हजेरीने ती मिळत नाही, की हातात बांगड्या भरल्याने हिरावली जात नाही. बायबलच्या काळी गलतीया प्रांतातील मंडळ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. परराष्ट्रीयांतून, म्हणजे यहुदी नसलेल्यांतून, आलेल्या त्या लोकांना काही शिक्षक सांगत होते की, ख्रिस्तावरील विश्वास पुरेसा नाही, यहुदी नियमशास्त्राप्रमाणे सुंताही झाली पाहिजे. त्यावर प्रेषित पौलाने गलतीकरांस पत्रात लिहिले की, ख्रिस्ताने आपल्याला मोकळे केले आहे, तेव्हा दास्याच्या जुवात पुन्हा मान देऊ नका. लावणीसाठी चिखल करणाऱ्या बैलांच्या मानेवरचे घट्टे तुम्ही पाहिले असतील. जू उतरले तरी ते जात नाहीत. नियमांच्या धाकात वाढलेल्या मनाचेही तसेच होते, आणि ते पाहून मला फार वाईट वाटते.

वडीलजन बहुधा येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय दाखवतील. तेथे केस गुंफणे व सोने घालणे यांच्या जोडीला, त्याच वाक्यात, वस्त्रे नेसण्याचाही उल्लेख आहे. ती बंदी मानली, तर वस्त्रांवरही बंदी आली असे म्हणावे लागेल. पेत्राचा रोख अंतःकरणाच्या शोभेकडे आहे. आपल्याकडे हिरव्या चुड्याला लग्नविधीचा अर्थ आहे, म्हणून त्यांना धास्ती वाटत असावी, हे मी समजू शकतो. परंतु धास्तीची आज्ञा करता येत नाही.

शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, माणसासाठी झाला, असे येशूने सांगितले, आणि लावणी पावसासाठी थांबते, रविवारसाठी थांबत नाही. तरी पौल गलतीकरांस लिहिलेल्या त्याच पत्रात हेही बजावतो की, या मोकळेपणाने प्रेमपूर्वक एकमेकांची सेवा करा. तेव्हा अशा दिवशी संध्याकाळी घरी प्रार्थनेला बसावे.

अंत्युखिया शहरात केफा, म्हणजे पेत्रच, परराष्ट्रीयांच्या पंगतीतून बाजूला झाला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला होता. तुम्हालाही पंगतीतूनच उठवले आहे. पतीला बरोबर घेऊन पाळकांना भेटा, गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय त्यांच्यासमोर उघडा आणि प्रभूच्या मेजापासून कोणत्या वचनाच्या आधारे दूर ठेवले, हे नम्रपणे विचारा.